रुमालाखालचा भाव

संचालक कुंभोजकरांच्या फोनवर खाकरणे आधी येई आणि मुद्दा मागून. त्या सकाळी मुद्दाच आधी आला.

"मॅडम, तुमच्या वडिलांचा वर्ग बंद करा."

सुलक्षणा मगदूमने डोळे मिटून घेतले. गच्चीवरून आप्पांचा आवाज जिन्यातून खाली झिरपत होता.

"वर्ग कसला, सर. चार म्हातारी माणसं बसतात गप्पा मारत."

"एकेचाळीस आहेत. चित्रफीत आली आहे माझ्याकडे. समोर ताटात पिकलेलं सीताफळ, आणि तुमचे वडील सांगतायत की त्याच्याकडे विजेच्या मीटरकडे बघावं तसं बघा. शासनाच्या यंत्राला फसवायचं कसं, ह्याचे धडे यंत्र करणाऱ्या बाईंच्याच गच्चीवर. गुरुवारी योजनेच्या राज्यभर विस्ताराच्या शिफारशीवर तुमची सही व्हायची आहे. लोक हसताहेत हो."

लोक हसत होते हे तिला ठाऊक होते. लोकांचे हसणे, लोकांचे बोलणे, लोकांचे मान डोलावणे ह्या सगळ्याचाच तिला उबग आलेला होता. आणि खरे तर त्या उबगातूनच ते यंत्र जन्माला आले होते.

सहा वर्षांपूर्वी तिने अकरा जिल्ह्यांतल्या बारा हजार माणसांना एक साधा प्रश्न विचारला होता: पिकवणाऱ्याचा खर्च भरून निघावा म्हणून भाजीच्या जुडीमागे पाच रुपये जास्त द्याल का? शंभरातल्या एक्क्याऐंशी जणांनी हो म्हटले. त्याच माणसांची खरेदी पुढे महिनाभर पाहिली, तर पाच रुपये देणारे निघाले सात. उरलेले चौऱ्याहत्तर खोटे बोलत होते असेही नव्हते. विचारले त्या क्षणी ते मनापासून उदार होते. प्रश्नावलीच्या कागदावर औदार्य टवटवीत असते. पिशवीचे तोंड उघडेपर्यंत ते कोमेजते. दुसऱ्या बाजूला प्रत्येक पिकाचा उत्पादनखर्च, बियाण्यापासून घरच्या बाईच्या निंदणीपर्यंत, दशांशापर्यंत काढून अहवालांत पडला होता, आणि बाजार त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नव्हता.

म्हणून तिने तोंडाला विचारणे सोडले आणि डोळ्यांना विचारायचे ठरवले.

हवीशी वस्तू समोर आली की डोळ्यांतली बाहुली रुंदावते. प्रकाशामुळे होणारा फरक वजा केला, तर उरलेले रुंदावणे म्हणजे मनाची ओढ. त्याच वेळी हात पुढे होण्याआधी किती थबकतो, नजर किमतीवरून वस्तूकडे किती वेळा परतते, नाकाच्या शेंड्याचे तापमान किती उतरते, हे सगळे टोपलीवर बसवलेल्या बोराएवढ्या भिंगातून टिपता येते. प्रयोगशाळेत शेकडो स्वयंसेवकांच्या हातात सारखे पैसे देऊन, त्यांच्यात खऱ्याखुऱ्या बोली लावून, तिने ह्या खुणांचे रुपयांत भाषांतर केले. माणूस जास्तीत जास्त किती देईल हा आकडा यंत्र आता रुपया-दोन रुपयांच्या फरकाने सांगू शके. तिने त्याला इच्छामूल्य म्हटले आणि यंत्राला अंतर्मापी. सांगलीच्या बायकांनी त्याचे नाव भोचक ठेवले, आणि तेच टिकले.

जिल्ह्यात बारा रास्त मंडया उघडल्या. प्रत्येक टोपलीवर खर्चाची पाटी: ही जुडी पिकवायला अठरा रुपये लागले. त्याच्या खाली कुणालाच मिळणार नाही. त्याच्या वर ज्याचे जेवढे इच्छामूल्य, तेवढा त्याचा भाव, फार तर खर्चाच्या चौपट. वरच्या रकमेतले सत्तर टक्के थेट पिकवणाऱ्याला. देवाणघेवाणीच्या इतिहासात प्रथमच मनातला भाव आणि हातातला भाव एक होणार होता. असे एक वाक्य तिने तेव्हाच्या अहवालात लिहिले होते. आता ते आठवले की तिला कानकोंडे वाटे.

योजना चालली नाही असे मात्र कुणी म्हणू शकले नसते. तिचा मामेभाऊ भरमू कृष्णाकाठच्या गाळाच्या मळीत वांगी आणि पालेभाजी करी. पहिल्या वर्षाच्या शेवटी तो पेढ्यांचा पुडा घेऊन आला.

"आक्का, तुझ्या भोचकाचं भलं होऊ दे. खर्च निघून वर पैसा राहिला. आमच्या बाबानं जन्मात बघितला नव्हता असा पैसा."

सुलक्षणाला त्या दिवशी झोपेपर्यंत हलके वाटत होते.

मग माणसे शिकली. आधी काळे चष्मे आले. त्यांवर बंदी आली. मग जांभया देत खरेदी करणारी माणसे दिसू लागली. चांगल्या घरच्या बाया भरपेट न्याहारी करून, फोनवर बोलत, दुसरीकडे पाहत टोपलीत हात घालू लागल्या, आणि त्यांना अठरा-एकोणीसचा भाव लागू लागला. आया मुलांना दटावू लागल्या: "पेरूकडे बघू नकोस, महाग होईल." एका पिढीला तोंडाला पाणी सुटण्याची लाज वाटू लागली होती, आणि त्या लाजेचे शास्त्रशुद्ध शिक्षण आप्पा मगदूम गच्चीवर फुकट देत होते.

ती जिना चढून वर गेली.

आप्पांनी अडतीस वर्षे हळदीच्या पेठेत दलाली केली होती. त्या काळी सौदा बोलून होत नसे. विकणारा आणि घेणारा रुमालाखाली हात घालत. एक बोट धरले की एक, पंजा धरला की पाच. शेकडा की हजार, ते त्या दोघांनाच ठाऊक. भोवती वीस माणसे उभी असत आणि चेहऱ्यावर रेषा हलता कामा नये. आप्पांच्या चेहऱ्यावर ती अडतीस वर्षे हललीच नव्हती. भोचकासमोर ते उभे राहिले की आकडा अठरावरच बसे, जणू यंत्रापुढे कुणी नाहीच.

"डोळा वस्तूवर, मन हिशेबात," ते सांगत होते. "शेवंताबाई, तुम्ही गिळताय. गिळायचं नाही."

"मग काय करू आप्पा, सीताफळ आहे ते," समोरच्या गल्लीतल्या शेवंताबाई म्हणाल्या. "मी सकाळी सहाला चार घरची भांडी घासायला जातो, ते मंडईत यायला एक वाजतो. पोटात काय नसतं. भोचक्या मला बघितल्या-बघितल्या साठ दाखवतो. माझ्या मालकिणीला त्याच वांग्याला वीस."

"आप्पा," सुलक्षणा म्हणाली, "हे बंद करा. माझी नोकरी आहे."

"तुझी नोकरी लोकांच्या मनात डोकवायची. माझी पडदा धरायची. दोन्ही पेठेतलेच धंदे. बस, पोहे आहेत."

"रुमालाखाली तुम्ही दलालांनी शेतकऱ्याला किती नाडलं, ह्यावर माझा प्रबंध आहे."

"वाचलाय की. बरोबर लिहिलंयस," आप्पा म्हणाले. "पण त्या रुमालाखाली आणखीही काही असायचं, ते तू लिहिलं नाहीस. बस म्हटलं ना."

ती बसली नाही. दार आपटून संस्थेत गेली. दिवसभर तिच्या डोक्यात शेवंताबाईंचे साठ आणि मालकिणीचे वीस घरघरत राहिले, आणि पोहे.

पोह्यांशी ती अडली. प्रयोगशाळेत आलेल्या प्रत्येक स्वयंसेवकाला तिने आधी पोहे आणि चहा दिला होता. नियमावलीत तसे काही नव्हते. पण लांबून आलेल्या माणसाला उपाशीपोटी कामाला बसवायचे, हे तिच्या घरात कधी झाले नव्हते, म्हणून संस्थेतही झाले नाही. यंत्राला इच्छेची भाषा शिकवणारी झाडून सगळी माणसे जेवलेली होती. भूक म्हणजे काय, हे यंत्राने कधी पाहिलेच नव्हते. पाहिली तेव्हा त्याने तिला ऐपत समजून घेतले.

तिने वर्षभराच्या नोंदी उघडल्या. त्यांतल्या नऊशे ग्राहकांनी शेवटचे जेवण केव्हा झाले हेही कळवले होते. ती माहिती कुणी वापरली नव्हती. आडव्या अक्षावर उपाशी तास, उभ्या अक्षावर इच्छामूल्य. रेघ शिडीसारखी वर गेली. मग ग्राहकांच्या उत्पन्नाची मांडणी केली, तर रेघ उताराला लागली. भरमूच्या हातात पडलेला जास्तीचा पैसा भरल्या पोटांनी दिलेला नव्हता. डोळ्याच्या बाहुलीला खिशात पाहता येत नाही, एवढी साधी गोष्ट; आणि ती कळायला तिला सहा वर्षे, चाळीस कोटी रुपये आणि एक मोलकरीण लागली.

"रेघ सुंदर आहे," कुंभोजकर म्हणाले. त्यांनी चष्मा कपाळावर सारला. "अहवालात नको."

"सर, गुरुवारनंतर राज्यातली प्रत्येक मंडई अशी होणार. आज शेवंताबाई, लांब पडला तरी, निदान जुन्या बाजारात जाऊ शकते. उद्या कुठे जाईल?"

"कोण शेवंताबाई?"

"एक नमुना."

"मॅडम, शेतकऱ्याचं उत्पन्न तेवीस टक्क्यांनी वाढलं. सरासरी ग्राहक बत्तीस रुपये देतो, तक्रार करत नाही."

"सरासरी ग्राहक म्हणजे कोण? मी त्याला सहा वर्षांत कधी भेटले नाही."

"भेटायचं नसतं त्याला. त्याच्यासाठी धोरण करायचं असतं." ते हसले, पण हसण्यात थकवा होता. "दुसऱ्या टप्प्यात बघू भुकेचं. आणि वडिलांचं तेवढं आजच बघा. उद्या ते विश्रामबागच्या मंडईत प्रात्यक्षिक करणार आहेत म्हणे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती विश्रामबागेत पोहोचली तेव्हा भाजीच्या टोपल्यांपुढे आप्पांची फौज गोळा झाली होती. शेवंताबाई पुढेच होत्या. भरमू नुकतीच भाजी उतरवून रिकामी खोकी रचत उभा होता. त्याच्या कपाळावर आठी होती. आप्पांना थांबवायला निघालेली सुलक्षणा खोक्यांच्या उतरंडीआड थबकली, कारण काय सांगावे हे तिलाच उमगत नव्हते.

"आज काय घेणार, आप्पा?" कुणी तरी विचारले.

"पालेभाजी. आजच चातुर्मास संपला. चार महिने पानाला शिवलो नाही."

लोक हसले. सुलक्षणाने मात्र करडईच्या टोपलीकडे पाहिले. त्यांच्या जैन घरात चातुर्मासाचे चार महिने पालेभाजी वर्ज्य असे. सुटका होई त्या दिवशी आई न चुकता करडईची कोवळी भाजी करी, भिजवलेली मूगडाळ घालून. आईला जाऊन आषाढात वर्ष झाले होते. गेल्या कार्तिकात घरात कुणाला भाजीचे भान नव्हते. म्हणजे हा पहिलाच. आप्पांनी प्रात्यक्षिकाचा दिवस पंचांग न पाहता ठरवला होता, किंवा पाहून. चेहऱ्यावरून त्यांचे काही कळायची सोय नव्हतीच.

ते पुढे झाले. मेथी: अठरा. शेपू: अठरा. फौजेत कौतुकाची कुजबूज झाली. मग ते करडईपाशी आले.

जुड्या नुकत्याच उतरवल्या होत्या, देठांना मळीची माती होती. आप्पांचा चेहरा तसाच होता, दगडी, शांत. टोपलीवरच्या आकड्यांच्या पट्टीवर अठरा उमटले. मग एकवीस. आप्पा किंचित मागे झाले, पुन्हा पुढे आले. चौतीस. कुणी तरी हसायला सुरुवात केली आणि थांबले. एकावन्न. आप्पांच्या चेहऱ्यावर अजूनही रेषा हललेली नव्हती. फक्त उजव्या हाताची बोटे हवेत, नसलेल्या रुमालाखाली, काही तरी धरू पाहत होती. त्रेसष्ट. बहात्तर. चौपट झाली. त्याच्या वर भोचकाला जाता येत नव्हते, म्हणून तो आकडा नुसता लुकलुकत राहिला.

"आप्पा, मीटर, मीटर," शेवंताबाई हलक्या आवाजात म्हणाल्या.

आप्पांनी पाकीट काढले. बहात्तर रुपये दिले. जुडी छातीशी धरून ते कुणाकडेही न पाहता बाहेर निघाले. वाट देताना एकेचाळीस माणसे गप्प होती, आणि त्या गप्प बसण्यात एवढी दया होती की सुलक्षणाला ती सगळी माणसे तिथून पुसून टाकावीशी वाटली.

संस्थेत नोंद तिच्या आधी पोहोचली होती. पुरुष, पंचाहत्तरच्या पुढे; एक जुडी; थांबण्याचा काळ चार मिनिटे अकरा सेकंद; वाचनाची खात्री अठ्ठ्याण्णव टक्के. यंत्र चुकले नव्हते. एवढी ओढ होतीच. आईच्या नसण्याचा मोजून काढलेला भाव समोर होता, दर जुडीमागे, आणि त्यातले सत्तर टक्के भरमूच्या खात्यावर गेले होते.

ती दुपारी घरी आली. आप्पा स्वयंपाकघरात पाटावर बसून जुडी निवडत होते. कोवळी पाने एकीकडे, काटेरी देठ दुसरीकडे. दोन्हींचे ढीग सारखेच, म्हणजे निवडणे जमत नव्हते. तिने काही न बोलता मूगडाळ भिजत घातली. भाजी झाली. आप्पांनी दोन घास खाल्ले.

"मीठ कमी आहे?"

"नाही. बरी झालीय." थोड्या वेळाने ते म्हणाले, "तिची आणखी कडसर असायची."

हात धुऊन त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला, तिच्यासमोर बसले आणि तो आपल्या हातावर पसरला.

"काल विचारलं नाहीस, रुमालाखाली आणखी काय असायचं ते. सांगतो. एकदा मालगावचा एक माणूस आला. बायको दवाखान्यात. त्याला त्याच दिवशी माल विकायचा होता. त्याचा हात माझ्या हातात थरथरत होता. बाहेर वीस जण उभे. एकाला जरी तो हात दिसला असता, तर त्याचा भाव निम्म्यावर आला असता."

"तुम्ही त्याला पुरा भाव दिलात?"

"थोडा कमीच दिला. दलाल होतो बाळ, साधू नव्हतो. पण त्या वीस जणांना कळू दिलं नाही." त्यांनी रुमालाची कड सरळ केली. "आज सकाळी माझा हात सगळ्यांनी बघितला."

आप्पांनी रुमालाचा हात पुढे केला.

"घाल हात. सही केली नाहीस तर किती जाईल तुझं?"

लहानपणी हा खेळ ते खेळत. तिने हात आत घातला. विभागप्रमुखपद, संस्थेने दिलेले घर, सहा वर्षे. तिने त्यांची तीन बोटे धरली.

"बरंच आहे," आप्पा म्हणाले. "आणि भरमूचं?"

तिने पंजा धरला. हे खोटे सांगता येत नव्हते.

"आणि केलीस तर?"

तिची बोटे कितीतरी वेळ त्यांच्या सुरकुतलेल्या बोटांवरून फिरली, मागे आली, पुन्हा गेली. कुठल्याच बोटावर ती ठरेना. शेवटी हात नुसताच हातात राहिला. आप्पांनी रुमाल बाजूला केला नाही.

"सौदा तुटला," ते म्हणाले आणि डोळे मिटून बसले.

बुधवारी तिने भरमूला फोन केला. त्याने आप्पांचे बहात्तर रुपये पाहिलेले होते. तरीही, किंवा त्यामुळेच, तो भडकला.

"मग आमी काय करायचं, आक्का? खर्चाची पाटी नुसती वाचायची?"

"पाटी राहील. खर्चाच्या सव्वापट एकच भाव, सगळ्यांना. मी तशी शिफारस लिहितेय."

"आणि ती मानतील?"

"बहुधा नाही."

"पोट भरलेल्याला असली तत्त्वं सुचतात," भरमू म्हणाला. मग त्याने विचारले, "आप्पा जेवले का त्या दिवशी?"

"दोन घास."

"उद्या एक जुडी पाठवतो. मळीतली. भोचक्याच्या टोपलीतली न्हवं." आणि त्याने फोन ठेवला, रागातच.

गुरुवारी तिने अहवाल सादर केला. भुकेचा आलेख पहिल्या पानावर होता, त्याखाली पोह्यांची कबुली, आणि विस्ताराच्या शिफारशीखालची सहीची जागा कोरी. कुंभोजकरांचे तीन फोन येऊन गेले. चौथ्याच्या आत एक काम उरले होते. अहवालाला जोडायच्या मूळ नोंदींतून तिने विश्रामबाग मंडईची, चार मिनिटे अकरा सेकंदांची नोंद निवडली आणि वगळली. बावीस वर्षांच्या संशोधनात तिने कधी एकही नोंद वगळली नव्हती. विद्यार्थ्यांना ती सांगत आली होती की नकोसा आकडा वगळणारा अभ्यासक हा काटा मारणाऱ्या दुकानदाराचा सख्खा भाऊ असतो.

संगणकाने विचारले: वगळण्याचे कारण?

तिने रकाना रिकामा ठेवून पुढे जायचा प्रयत्न केला. संगणक पुढे जाईना. कारण अनिवार्य आहे, असे तो तांबड्या अक्षरांत सांगत राहिला. हा नियमही तिनेच घातलेला होता. फोन पुन्हा वाजू लागला. तिने एक मोठा, चिडका श्वास सोडला आणि लिहिले:

ही मोजायची नव्हती.